हलक्या रोलरने मायलेज वाढत नाही
ऑटोमॅटिक एटीव्ही (रानात चालणारी चार जाड चाकांची गाडी) किंवा स्कूटरच्या व्हेरिएटरमध्ये, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या बेल्टच्या पुलीत, हलके रोलर (आतली छोटी गोल वजनं) टाकले की पिकअप आणि मायलेज दोन्ही वाढतं, असा मेसेज बीड-जालन्याकडे फिरतोय. निम्मंच खरं. हलका रोलर उशिरा बाहेर सरकतो, त्यामुळे गिअर उशिरा बदलतो आणि इंजिन जास्त आरपीएमवर (मिनिटाला जास्त फेऱ्यांवर) राहतं. म्हणून पिकअप मिळतो, पण पेट्रोलही जास्त जातं. बदलायचेच तर पूर्ण सेट, एका वेळी प्रत्येकी १ ग्रॅमच कमी. फार हलके टाकले तर इंजिन नुसतं ओरडतं. क्लचच्या स्प्रिंगा कडक केल्या तर क्लच उशिरा धरतो आणि काळ्या रानातल्या चिखलात हळू चालवताना घसरून जळतो. खर्चाआधी बेल्टची रुंदी, चपटे झालेले रोलर, एअर फिल्टर बघा. उन्हाळ्यात फुफाट्याने फिल्टर तुंबतो, अन् दोष क्लचला! बेल्ट जिथे घासतो तिथे ग्रीस मात्र अजिबात नको.