खुलासा : एईएस-एनआय नसलेला जुना पीसीही फायरवॉल होऊ शकतो

पीएफसेन्स हे साध्या पीसीला फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची ये-जा तपासणारा पहारेकरी, बनवणारं सॉफ्टवेअर. ‘प्रोसेसरमध्ये एईएस-एनआय (एन्क्रिप्शन वेगाने करणारी खास सोय) नसेल तर पीएफसेन्स चालतच नाही, जुना पीसी भंगारात काढा’ असा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे.

तो आला कुठून? २०१७ मध्ये पीएफसेन्स बनवणाऱ्या नेटगेट कंपनीने जाहीर केलं होतं की २.५ आवृत्तीपासून एईएस-एनआय सक्तीचं असेल. पुढे त्यांनीच ती अट मागे घेतली आणि २०२१ मध्ये आलेली २.५.० त्याशिवायही चालली. घोषणा लोकांच्या लक्षात राहिली, माघार नाही!

एईएस-एनआयचा उपयोग एईएस एन्क्रिप्शनचा वेग वाढवण्यासाठी, म्हणजे मुख्यतः ओपनव्हीपीएन किंवा आयपीसेक या व्हीपीएन (इंटरनेटवरून सुरक्षित जोडणी) पद्धतींसाठी. साध्या पॅकेट फिल्टरिंगला, म्हणजे नियमांनुसार डेटा अडवण्या-सोडण्याला, त्याची गरज नाही. वायरगार्ड हे व्हीपीएन तर एईएसऐवजी चाचा२० नावाचं एन्क्रिप्शन वापरतं, तिथेही ते लागत नाही. त्यामुळे पीएफसेन्सच्या डॅशबोर्डवर ‘एईएस-एनआय सीपीयू क्रिप्टो’पुढे ‘नो’ दिसलं म्हणून बिघडत काही नाही.

खरी अट ६४-बिट प्रोसेसरची. ३२-बिटचा आधार २.४ मध्येच गेला. दोन नेटवर्क पोर्ट हवेत, शक्यतो इंटेलचे, कारण रिअलटेकची काही नेटवर्क कार्डं फ्रीबीएसडीवर (पीएफसेन्सच्या मुळाशी असलेली ऑपरेटिंग सिस्टिम) कुरकुरतात.

आक्षेप घ्यायचाच तर विजेवर घ्या. ५५ वॅट खाणारा डेस्कटॉप अहोरात्र चालला तर महिन्याला सुमारे ४० युनिट जळतात.