बॉक्सिंगचे जाणकार कसे व्हावे

बॉक्सिंगवर अधिकारवाणीने बोलायचं असेल तर सामने बघायच्या फंदात पडू नका. बघितलं की मत बदलायचा धोका असतो. त्यापेक्षा विषय निघाला की एक लांब सुस्कारा सोडा आणि म्हणा, "आता कुठे राहिलंय बॉक्सिंग?" पुढचा अर्धा तास तुम्हाला कुणी अडवणार नाही.

सुरुवात हॅरी ग्रेबपासून करा. १९१९ या एका वर्षात पठ्ठ्याने ४५ लढती केल्या. आजचा विजेता वर्षातून दोनदा रिंगणात उतरला तरी त्याला कष्टाळू म्हणतात. लगेच शुगर रे रॉबिन्सन काढा. ५ फेब्रुवारी १९४३ ला तो जेक लामोटाकडून हरला, १९ तारखेला भलत्याच कुणाशी लढून जिंकला आणि २६ ला पुन्हा लामोटासमोर उभं राहून हिशेब चुकता केला. हेन्री आर्मस्ट्राँगने तर ऑक्टोबर १९३९ या एकाच महिन्यात वेल्टरवेट या मधल्या वजनगटाचं विजेतेपद ५ वेळा राखलं. एवढे आकडे फेकले की समोरचा गार होतो. ग्रेबचा एक डोळा कायमचा गेला होता आणि ते लपवून तो वर्षानुवर्षं लढत राहिला, हे मात्र सांगत बसू नका. रंगाचा बेरंग होतो.

तुलना करताना पथ्य एकच. जुन्या काळातलं शिखर घ्यायचं, आजच्यातला उकिरडा. १९७५ ची मनिलातली लढत घ्या. मुहम्मद अली आणि जो फ्रेझर १४ फेऱ्या एकमेकांना कुटत होते. पंधराव्या फेरीआधी फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला उठूच दिलं नाही. त्याच्यासमोर २०२४ ची अमेरिकेतल्या आर्लिंग्टनची लढत ठेवा. ५८ वर्षांचा माइक टायसन, २७ वर्षांचा यूट्यूबर जेक पॉल, तीनऐवजी दोन मिनिटांच्या फेऱ्या, त्याही आठच, आणि हातात १४ औंसांचे गुबगुबीत ग्लोव्ह्ज. यावर कोण काय बोलणार?

एखादा आगाऊ बोलेलच. मनिलानंतर वर्षही उलटलं नव्हतं, तेव्हा त्याच अलीने टोकियोत अँटोनियो इनोकी या कुस्तीगिराशी जो सामना केला त्याचं काय, असं तो विचारेल. इनोकी १५ फेऱ्यांतला बहुतेक वेळ जमिनीवर पडून अलीच्या पायांवर लाथा झाडत होता. जगातल्या सर्वांत देखण्या बॉक्सरने अख्ख्या सामन्यात मारलेले ठोसे बोटांवर मोजता येतील. निकाल बरोबरीचा. हा प्रसंग आपल्या इतिहासात बसत नाही, म्हणून तो घडलेला नाही. चहा मागवा.

मग पट्ट्यांवर, म्हणजे विजेतेपदाच्या निशाण्यांवर या. इथे तुम्ही चुकून खरं बोलाल, तेव्हा जपून. पूर्वी वजनगट आठ आणि बहुतेक वेळा प्रत्येकाचा एकच विजेता. आज वजनगट सतरा, पट्टे वाटणाऱ्या मोठ्या संस्था चार, त्यात कुणी सुपर विजेता, कुणी अंतरिम, कुणी फ्रँचाइझ. युक्रेनच्या उसीकने मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या फ्युरीला हरवून चारही पट्टे एकत्र आणले. हेवीवेटला, म्हणजे सर्वांत जड वजनगटाला, निर्विवाद विजेता मिळाला तो १९९९ च्या लेनॉक्स लुइसनंतर थेट तेव्हा. दीड महिना उलटायच्या आत त्यातला एक पट्टा सोडावा लागला. टेरेन्स क्रॉफर्डने २०२५ मध्ये कानेलो अल्वारेझला हरवलं आणि त्या चार संस्थांपैकी डब्ल्यूबीसीने तीन महिन्यांच्या आत त्याचा पट्टा काढून घेतला. कारण? त्याने संस्थेची फी भरली नाही. ठोशांनी कमावलेलं पावतीअभावी गेलं.

पण "तेव्हा एकच विजेता असायचा" म्हटलं की तिथेच थांबा. त्या विजेत्याशी लढायला कुणाला मिळायचं, या चौकशीत शिरू नका. जॅक जॉन्सनने १९१५ मध्ये हेवीवेटचं विजेतेपद गमावलं, त्यानंतर १९३७ मध्ये जो लुइस येईपर्यंत एकाही कृष्णवर्णीय बॉक्सरला त्या पदासाठी लढूच दिलं नाही. हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय बॉक्सर विजेत्या जॅक डेम्प्सीची वाट बघत बघत म्हातारा झाला. खुद्द डेम्प्सी सप्टेंबर १९२३ ते सप्टेंबर १९२६ अशी तीन वर्षं विजेतेपद घेऊन घरी बसला. "तेव्हाचे विजेते कुणाला टाळत नसत" हे वाक्य म्हणूनच जरा मोठ्या आवाजात म्हणावं लागतं. लामोटाचं नाव तुम्ही आधी घेतलेलंच आहे. तो १९४७ ची बिली फॉक्सविरुद्धची लढत मुद्दाम हरला होता आणि १९६० मध्ये त्याने अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे तसं कबूलही केलं. गुंडांचं ऐकल्याशिवाय विजेतेपदाची संधी मिळत नव्हती. हेही गाळा.

पंधरा फेऱ्यांचं कौतुक करायला विसरू नका. बारा फेऱ्यांत कुठे दम कळतो? मर्दानगी तेराव्या फेरीपासून सुरू होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगसला कोरियाचा बॉक्सर डुक कू किम अमेरिकेच्या रे मॅन्सिनीसमोर चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने फेऱ्या बारा केल्या, बाकीच्या संस्थाही मागोमाग आल्या. तुमचा दम सोफ्यावर शाबूत असल्यामुळे तुम्ही खुशाल "खेळ मिळमिळीत केला" म्हणू शकता.

समोर तरुण मंडळी असतील तर हेच भाषण उलटं फिरवा. जुने लोक संथ, आहारशास्त्र शून्य, फ्लॉइड मेवेदर मात्र ५०-०, म्हणजे पन्नास लढती आणि एकही पराभव नाही. पन्नासावा प्रतिस्पर्धी कॉनर मॅकग्रेगर हा मिश्र मार्शल आर्ट्सचा लढवय्या त्या दिवशी पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत खेळत होता, हे तुमच्याकडून कळता कामा नये. रॉबिन्सनच्या नावावर १९ पराभव आहेत, म्हणजे तो सामान्यच.

खरी पंचाईत जपानच्या नाओया इनोएची. त्याने दोन वजनगटांत सगळे पट्टे गोळा केले, २०२५ मध्ये चार वेळा विजेतेपद राखलं, त्यातल्या एका लढतीत तर खाली पडून उठला आणि जिंकला. हा दोन्ही भाषणांचा विचका करतो. कुणी त्याचं नाव काढलं तर "फार हलक्या गटातला आहे हो" म्हणून विषय बदला.

नाव मात्र लक्षात ठेवा. अजून पंचवीस वर्षांनी जे कोणी लढत असतील त्यांना नावं ठेवायला इनोए आणि उसीकच कामाला येणार आहेत. "उसीक-फ्युरीसाठी आम्ही रात्रभर जागलो होतो" असं तेव्हा बेधडक सांगा. तुम्ही घोरत होतात, हे कोण तपासणार?