पान्याला पाइप लावून हेड आवळणाऱ्यांचा निषेध

जुनी मारुती ८०० घरी उघडायला घेतली की राग इंजिनाचा येत नाही. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, वर एक कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), बोनेटखाली हात फिरायला जागा. इतकं सरळ इंजिन शोधून मिळणार नाही. राग येतो तो याआधी ज्यांनी ज्यांनी त्याला हात लावला त्यांचा.

इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या फाट्यापासून, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासूनच बघा. मूळ स्टड (बिनडोक्याचे आट्यांचे दांडे) कधीच गायब, त्याजागी हार्डवेअरच्या दुकानातले साधे बोल्ट. तापून-गार होऊन ते गंजाने असे धरतात की पाना लावला की मान मोडून हातात. रात्रभर गंज सोडवणारं तेल सोडा, आधी किंचित आवळून बघा, मग सोडा. तरी तुटलाच तर वर नट वेल्ड करून फिरवा. ‘इझी-आउट’ (तुटलेला बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा दांडा) ठोकू नका. तो आत मोडला तर ड्रिलही त्याला लागत नाही आणि ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, वाया जातं. बसवताना पितळी नट घातले असते तर यातलं काहीच झालं नसतं. किती पैसे वाचले त्यात?

हेड बोल्टचं तर विचारूच नका. मधून सुरू करून आलटून-पालटून बाहेर जायचं, तीन टप्प्यांत आवळायचं, शेवटचा टप्पा टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेला जोर आला की ‘कट’ वाजवणाऱ्या पान्याने. सोडताना उलटं, बाहेरून आत, तेही इंजिन पूर्ण गार झाल्यावर. एवढं साधं आहे! पण नाही. पान्याला दोन फुटी पाइप लावायचा आणि ‘बसला’ म्हणायचं. आटे ओढले जातात, बोल्ट ताणला जातो, हेड एका बाजूला दबतं आणि पुढच्या उन्हाळ्यात हेड आणि खालच्या ब्लॉकमधलं पॅकिंग पुन्हा फुंकतं. बोल्टची भोकं तर कोणी साफच करत नाही. तळाशी पाणी-ऑइल साचलेलं असतं, ते दाबलं जात नाही. रेंच ‘कट’ वाजवतो, हेड मात्र खाली बसलेलंच नसतं, नाहीतर ब्लॉकला तडा जातो. भोकात हवा मारायला दोन मिनिटं लागतात. दोन!

मग फेसिंग, म्हणजे हेडची खालची बाजू मशीनवर कापून सपाट करणं. नाशिकचंच बघा, सातपूर-अंबडला मायक्रॉनमध्ये मोजून माल पाठवणारे कारखाने ज्या शहरात आहेत, तिथे हेड फेसिंगला दिलं की आधी न मोजताच मशीनवर चढवतात. स्टीलची सरळ पट्टी हेडवर आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांत ठेवायची, खाली ०.०५ मिमीची फिलर (मापाची पातळ पट्टी) घालून बघायची. ती जात नसेल तर कापायचं कशाला? दरवेळी कापलं की कम्बशन चेंबर लहान होतो, कम्प्रेशन वाढतं आणि कसारा घाट चढताना इंजिन ठोकायला लागतं. शिवाय कॅम खाली आल्याने व्हॉल्व्ह उघडण्याचं टायमिंगही थोडं मागे पडतं. फेसिंगवाल्याकडून आधीचं आणि नंतरचं माप कागदावर लिहून घ्या, मगच पैसे द्या. आणि जुनं पॅकिंग खरवडायला ग्राइंडरवर एमरीची चकती लावणाऱ्यांना तर गाडीजवळ उभं करू नका. हेडला खळगे पडतात आणि ती पूड ऑइलमधून थेट बेअरिंगमध्ये जाते. थिनर, बोथट पट्टी आणि धीर, बस.

मुळात हेड उतरवायची वेळ येते कशाने? गाडी गरम होते म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून फेकलेला असतो. अरे, तो कोणी शोभेला बसवला नव्हता! तो नसला की इंजिन वेळेवर तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये गाळ धरतो, आणि गरम होण्याचं खरं कारण तसंच राहतं. ते कारण बहुतेक वेळा तुंबलेला रेडिएटर किंवा त्याचं मेलेल्या स्प्रिंगचं झाकण. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, उघडं पाणी इथे ९८ अंशांनाच उकळतं. झाकण दाब धरतं म्हणून ते पुढे ढकललं जातं. आणि बोअरचं पाणी ओतू नका हो! त्या क्षाराने नळ्या बुजतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, दुसरं काही नाही. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या गरम पाण्यात थर्मामीटरसोबत टांगून बघा. त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास उघडायला लागला तर चांगला आहे.

पॅकिंग नाशकात द्वारकेला मागा की सिडकोत, डुप्लिकेट असलं तरी काउंटरवर ‘ओरिजनलच आहे’ हेच ऐकायला मिळतं. होलोग्रामवर जाऊ नका, सिलिंडरच्या भोकाभोवतीची लोखंडी रिंग बघा. नख लावून ती उचकटत असेल तर तिथल्या तिथे परत करा.

सगळ्यात संताप येतो सिलिकॉनचा. जिथे पॅकिंग हवं तिथे सिलिकॉन, जिथे पॅकिंग आहे तिथे वरून आणखी सिलिकॉन. दाबलं की आतल्या बाजूला त्याची वळकटी निघते, ती तुटते आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. मग ऑइलचा दिवा लुकलुकायला लागतो आणि लोक पंप बदलतात. जाळी इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर उतरवल्याशिवाय दिसत नाही. हेड उतरवलं असेल तर चेंबरही उतरवा.