रखमेचा उपास

कोल्हापुरात कोंबडी आजारी पडली, तर ती बातमी घराबाहेर जाऊ देऊ नये. गाय आजारी पडली तर लोक डॉक्टरचा नंबर देतात. कुत्रं आजारी पडलं तर हळहळतात. कोंबडी आजारी पडली की म्हणतात, कांदा-खोबरं भाजायला घ्या. रखमेच्या दुखण्यावर आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी मला उपाय सुचवले आणि त्यातला एकेक उपाय पातेल्यात जाऊनच थांबत होता.

तशी रखमा आमच्याकडे आली तीही पातेल्यासाठीच. दोन वर्षांपूर्वी मला टायफॉइड झाला होता, तेव्हा राधानगरीकडच्या मावशीने ‘रस्सा पाजा, अंगात ताकद येईल’ असा निरोप देऊन ही तलंग पाय बांधून एसटीने पाठवली. रात्री तिला डालग्याखाली झाकली. सकाळी तिचा निकाल लावायचा म्हणून डालगं उचललं, तर खाली अंडं! आई माळकरी. ती म्हणाली, “लेकुरवाळीला कापायचं नाही.” एका अंड्यावर कुणी लेकुरवाळी ठरतं का, हा मुद्दा मी काढणार होतो, पण टायफॉइडने वाद घालण्याइतकीही ताकद शिल्लक ठेवली नव्हती. आईने तिचं नाव रखमा ठेवलं. नाव ठेवलेली कोंबडी कापता येत नाही, हे आईला चांगलं ठाऊक होतं.

तर ही रखमा ऐन आषाढात आजारी पडली. पावसाने परसात गवत माजलं होतं, ते गड्याकडून कापून घेतलं आणि ढीग तिथेच पडून राहिला. रखमेने त्यातल्या वीतवीतभर काड्या शेवयांचा घास घ्यावा तशा ओढून गिळल्या. दुसऱ्या दिवशी बाई पिसं फुलवून कोपऱ्यात उभी. दाण्याला तोंड लावेना. मधूनच मान लांब करायची, वाकडी करायची, आवंढा गिळायची आणि पुन्हा डोळे मिटून उभी राहायची. छातीच्या वर, उजव्या बाजूला, लिंबाएवढा फुगवटा आलेला.

पहिले आले शेजारचे आण्णा. दारातूनच त्यांनी विचारलं, “काय झालंय ओ तिला?”

“गळ्याखालची पिशवी अडकलीय.”

“मग आजच उरका की! उद्यापर्यंत वाळून जाईल. पिशवी काय, टाकूनच द्यायची असतीया.”

मागोमाग समोरच्या वहिनी आल्या. त्यांनी रखमेकडे बघत दूर उभ्यानेच शंका काढली, “बर्ड फ्लू तर न्हाई न्हवं?” २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला, तेव्हापासून एखादी कोंबडी नुसती शिंकली तरी लोक तोंडाला पदर लावतात. कोपऱ्यावरच्या काकांनी मानेची हालचाल बघून ‘मानमोडी’चं निदान केलं. मानमोडी म्हणजे राणीखेत, म्हणजे एकदा आली की खुराडीच्या खुराडी रिकामी करणारा रोग. निदान जीवघेणं होतं, पण काकांनी धीर दिला, “कापायची तर लवकर कापा.” फक्त कामवाल्या मावशींनी रस्सा सुचवला नाही. त्यांनी सुट्टी घेतली.

इकडे घरात वेगळाच तपास सुरू झाला. कोंबडी चकाकणारं काहीही गिळते असं चिमीला शाळेत कुणीतरी सांगितलं होतं. मग गेल्या सहा महिन्यांत घरातून नाहीशा झालेल्या झाडून सगळ्या वस्तू रखमेच्या नावावर चढल्या. बायकोच्या कानातल्याची फिरकी, कुकरची शिटी, चिमीचं कंपासपेटीतलं खोडरबर, आणि मी हरवलेली लॉकरची किल्लीसुद्धा. लॉकरच्या किल्लीबद्दल मी काही बोललो नाही. आरोप परस्पर दुसरीकडे जात असेल तर जाऊ द्यावा.

शेवटी रखमेला झाकणाच्या टोपलीत घालून सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेली. रांगेत पुढे एक म्हैस, मागे तोंडाला पट्टा बांधलेला कुत्रा, मध्ये मांडीवर टोपली घेऊन मी. नोंद करणाऱ्याने मान वर न करता विचारलं, “किती पक्षी?”

“एक.”

“न्हाई, फार्मवर एकूण किती?”

“एकच.”

आता त्याने मान वर केली. त्याचंही चुकलं नव्हतं. कोंबड्यांचं औषधपाणी सगळं शेकड्याच्या हिशेबाने चालतं, लशीच्या बाटल्यासुद्धा त्याच मापाने येतात. एकटी कोंबडी घेऊन येणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा चौकशीला आलेला पत्रकार. त्याने रखमेला काट्यावर ठेवलं. एक किलो सहाशे. “कापल्यावर किलोभर पडंल,” तो सवयीने म्हणाला आणि माझा चेहरा बघून खोकला.

डॉक्टरीणबाई मात्र तरुण आणि मनापासून बघणाऱ्या होत्या. त्यांनी ताप घेतला. १०६. मी जवळच्या स्टुलावर बसलो. “नॉर्मल आहे,” त्या म्हणाल्या, “कोंबडीचं अंग एरवीही एवढंच तापलेलं असतं.” मग त्यांनी दोन बोटांनी तो फुगवटा चाचपला आणि माझा हात धरून मलाही चाचपायला लावला. वर मऊ पाणी लागलं आणि आत दाबलं की भिजवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं काहीतरी. चोच उघडून त्यांनी वास घेतला. मलाही घ्यायला लावला. आंबील चार दिवस झाकून विसरली की येतो तोच तो वास.

“हे पोट नाही बरं का,” त्या म्हणाल्या, “ही नुसती कोठी. कोंबडी मूळची जंगलातली. उघड्यावर उभं राहून सावकाश चावत बसली तर तिलाच कुणी खाईल. म्हणून मिळेल ते पटापट कोठीत भरायचं आणि आडोशाला जाऊन सावकाश पुढे ढकलायचं. पुढे खरं पोट, तिथे रस सुटतो. त्याच्या पुढे पेटा, तिथे दळण. दात नाहीत ना, म्हणून बारीक खडे गिळून त्यावर दळते.”

पेटा म्हटल्यावर मला सगळं लख्ख कळलं. कलेजी-पेटा खाऊन लहानाचा मोठा झालेल्या माणसाला कोंबडीच्या शरीरशास्त्राचा हा एवढा भाग शिकवावा लागत नाही. फक्त तो भाग ती जिवंत असताना काय करतो, याचा विचार केला नव्हता.

गवताच्या लांब काड्यांचा आत गुंता झाला होता. कोठीचं तोंड अडलं, माल आत आंबला, आणि आंबल्यावर बुरशी धरली. डॉक्टरीणबाईंनी बुरशीवरचं औषध दिलं आणि पथ्य सांगितलं. एक दिवस दाणा पूर्ण बंद. कोमट पाणी द्यायचं. पाण्यातून थोडं तेल, तेही ड्रॉपरने, चोचीच्या कडेने, थेंब थेंब. कारण श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं. पिशवीला हलक्या हाताने चोळायचं. रोज पहाटे दाणा टाकण्याआधी चाचपून बघायचं. रात्रभरात पिशवी रिकामी झाली पाहिजे, पहाटे भरलेली लागली तर दुखणं आहे असं समजायचं. आणि उलटी टांगून ओकवायची नाही, अजिबात नाही, पाणी फुप्फुसात जाऊन पक्षी हातात मरतो. हे शेवटचं त्यांनी दोनदा बजावलं. आण्णांनी निघताना नेमकं तेच सुचवलं होतं.

उपासाचा दिवस कोणता यावा? आषाढी एकादशी. घरात साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याचा चिवडा आणि वर खजूर. एकादशी, दुप्पट खाशी हे आमच्या घरात कधी कुणी नाकारलं नाही. मात्र त्या दिवशी घरातला एकच जीव खरोखर उपाशी होता आणि तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहून एका डोळ्याने आमच्या ताटांकडे बघत होता. कोंबडी एका डोळ्याने बघते, तेव्हा दुसऱ्या डोळ्याने ती आणखी कुणाची तरी नोंद घेत असते. बायकोने खिचडी निम्मी टाकली. आई म्हणाली, “बघा, पंढरीला न जाता पुण्य लागलं हिला.” रखमेने त्या क्षणी चोच उघडून आंबलेला ढेकर दिला.

चोळण्याचं काम माझ्याकडे आलं. जुन्या पंच्यात तिचे पंख आवळून तिला मांडीवर घ्यायची, एक हात पाठीवर, दुसऱ्याची तीन बोटं पिशवीवर. पहिल्यांदा तिने माझं मनगट फोडलं. मग हळूहळू आतला गोळा सुटा व्हायला लागला, बोटांखाली बुडबुडे फुटल्याचं कळायचं, आणि रखमा डोळे मिटायची. कोंबडीची पापणी खालून वर येते. राखाडी, सुरकुतलेली, बारीक. तिचे ऊन पाय माझ्या मांडीवर सैल पडायचे आणि ती घशातल्या घशात काहीतरी पुटपुटायची. हे सुख असावं असा आईचा अंदाज. माझ्या मते शिव्या.

रात्री तिचा मुक्काम न्हाणीघरात. टॉवेलची दांडी तिने झोपायला पसंत केली आणि टॉवेलचं काय केलं ते सांगत नाही.

ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा मागायला गेलो. साहेब अलीकडेच स्वतःच्या पोटाच्या तपासण्या करून बसलेले, त्यामुळे आजार हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. “घरात कोण आजारी आहे?”

“रखमा.”

“आजी का?”

मी ‘नाही’ म्हणेपर्यंत ते पुढे गेले होते. “काय त्रास?”

“खाल्लेलं खाली उतरत नाही, साहेब. इथेच अडकतं.”

“अरे, हे अंगावर काढू नका. एंडोस्कोपी करून घ्या. जेवण?”

“बंद केलंय. कोमट पाणी आणि तेल. मी चोळतो.”

“तुम्ही स्वतः?” साहेबांचा स्वर हळवा झाला. “आजकाल कोण करतंय हो एवढं! वय काय त्यांचं?”

“दोन.”

रजा मिळाली. पण कॅन्टीनमध्ये माझ्या पानात चिकन रस्सा वाढताना लोक अजून आधी माझी परवानगी घेतात.

मग एका पहाटे आईने हाक मारली, “ये, बघ.” रखमेची पिशवी सपाट. नुसती सैल कातडी बोटाला लागली. न्हाणीघरातल्या वर्तमानपत्रावर अडकलेला सगळा माल रीतसर बाहेर पडलेला होता. चिमीने काडी घेऊन तपास केला. गवत, गवत आणि गवत. फिरकी नव्हती, शिटी नव्हती, आणि सगळ्यांच्या नजरा हळूहळू लॉकरच्या किल्लीसाठी माझ्याकडे वळल्या. मी दह्यात कालवलेली तांदळाची कणी आणायला आत गेलो.

ही बातमी गल्लीत फिरली आणि माझी ख्याती झाली. आषाढ तेव्हा रंगात आला होता. मंगळवार-शुक्रवार पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत टेंबलाई देवीला चाललेलं, रस्त्यावर दिवसभर पिपाणी-ढोलाचं ‘पी ढबाक’ ऐकू यायचं आणि घरोघर नैवेद्याचे कोंबडे खाऊन-पिऊन तयार होत होते. अशाच एका संध्याकाळी आण्णा काखेत तांबडा, दिमाखदार कोंबडा घेऊन दारात उभे.

“जरा बघता का ह्याला? सकाळधरनं मका चारला आणि आता बघतोय तर छातीवर ही गाठ. येत्या मंगळवारी नैवेद्य हाय. देवीला आजारी कसा चालंल?”

मी चाचपलं. पिशवी टम्म, दाणा न् दाणा बोटाला मोजता येत होता, वास नाही, तुरा लालबुंद. दिवसभर मका खाल्लेल्या कोंबड्याची पिशवी संध्याकाळी अशी नसेल तर काळजी करायची! मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की माझाच आवंढा अडकला.

“ठेवून जावा आण्णा,” आई म्हणाली. “रोज पहाटे बघायचं असतंय. पिशवी रिकामी झाली की समजायचं, बरा झाला.”

मंगळवारी सकाळी सातला आण्णा हजर. आईचा दिवस पाचला हरिपाठाने सुरू होतो. त्या दिवशी हरिपाठ संपवून तिने कोंबड्यापुढे ओंजळभर मका टाकला होता, तो का टाकला हे मी विचारलं नाही. आण्णांनी छाती चाचपली. टम्म.

“अजून भरलीयाच की!”

“तुमीच बघताय न्हवं,” आई म्हणाली. माळकरी माणूस खोटं बोलत नाही.

शुक्रवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या मंगळवारी आण्णा पावणेसातलाच आले, तर आई साडेसहापासूनच कोंबड्याला शेजारी घेऊन ज्वारी निवडत होती. बरीचशी ज्वारी तिच्या हातातून खाली पडत होती. आण्णांनी चाचपलं, माझ्याकडे संशयाने पाहिलं, “तुमी चोळताय का न्हाई नीट?” असं दरडावलं आणि देवीला नारळ-ओटी देऊन आले.

आता अमावास्येला थोडेच दिवस उरलेत. कोंबडा दोनशे ग्रॅमने वाढलाय. काल आण्णांनी जाता जाता सांगितलं, श्रावण लागला तर मग दसऱ्यापर्यंत कशाला घाई, तोवर असू दे तुमच्याकडंच. फक्त मक्याचे पैसे कुणी द्यायचे, ते आई आणि आण्णा अजून ठरवताहेत.