सी-फेसिंग रूम आणि अर्धं तिकीट

माझं माहेर गुहागर तालुक्यात आणि सासर सोलापूर जिल्ह्यात, त्यामुळे एप्रिल संपत आला की माझा फोन म्हणजे चौकशी खिडकी होते. इकडून नातेवाईक, मिस्टरांचे ऑफिसवाले, बिल्डिंगमधले, सगळ्यांचं एकच, "वहिनी, तुमच्याकडं एखादी चांगली रूम बघा की, सी-फेसिंग पाहिजे बरं का." आणि तिकडून आई, की मे महिन्यात कुणाला पाठवू नकोस गो बाई, आंबा उतरवायचाय, मुंबईवाले आलेत, घरात पाय ठेवायला जागा नाही.

आता ह्या सी-फेसिंगची गंमत सांगते. आमच्याकडची जुनी घरं समुद्राकडे पाठ करून बसलेली असतात. पुढे रस्ता, मग घर, मागे नारळ-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की समुद्र. माझ्या माहेरच्या घरातून समुद्र दिसत नाही, रात्री नुसता ऐकू येतो. खाऱ्या वाऱ्याच्या तोंडाला घर कोण बांधतंय? ते आता लॉजवाले बांधतात आणि दर दोन वर्षांनी गंजलेल्या ग्रिल बदलत बसतात.

सोळा वर्षं दोन्हीकडची पाहुणेमंडळी बघून माझं एक पक्कं मत झालंय. घाटावरचा माणूस सुट्टी घालवायला कोकणात उतरतो आणि कोकणातला माणूस देव करायला घाटावर चढतो, आणि दोघंही एकमेकांचा मुलूख बघत नाहीत. एकाला दिसते वाळूची पट्टी, दुसऱ्याला दर्शनाची रांग. बास.

घाटावरच्यांचं आधी सांगते, कारण सासरचे लोक ही पोस्ट वाचणारच आहेत. रात्री निघायचं, कराड, पाटण, कुंभार्ली घाट, पहाटे चिपळूण, आणि आठला बॅगा न उघडताच पाण्यात. दोन दिवस पाणी, मासे, पाणी, फोटो आणि परत. वाडीत सुपारी कशी सोलतात ते कुणी बघत नाही, खाडीकडे कुणी जात नाही, गावामागचं सड्याचं पठार म्हणजे तर त्यांच्या लेखी नुसता कातळ. आणि दरवर्षी कुणीतरी नवीन गाडी वाळूत घालतोच! भरती यायला लागते, गाडी रुतते, मग ट्रॅक्टर, मग घासाघीस, मग व्हिडीओ. गावातली माणसं सांगतात की इथे आत जाऊ नका, ओढ आहे, तर ह्यांना वाटतं उगाच घाबरवतायत. अहो, जन्मभर किनाऱ्यावर राहिलेला माणूस स्वतः गुडघ्याच्या पुढे जात नाही त्याला काही कारण असेल की नाही? माझे वडील साठ वर्षं समुद्राशेजारी राहिले, पोहायचे ते विहिरीत.

माशांचं तर विचारूच नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, हा सरकारी नियम आहे, माशांच्या विणीचा काळ असतो. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येऊन ताजी सुरमई मागायची, आणि मिळाली की खूश, ती कुठल्या बर्फातून आली ते विचारायचं नाही. त्याच दिवसांत आमच्याकडे घरोघरी सुकट, बोंबील, सोडे चाललेले असतात. ते मागून बघा एकदा, पण मागत नाहीत.

ह्यात एकच माणूस वेगळा निघाला, माझे सासरे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. जन्म गेला ज्वारी आणि तुरीत. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा बासष्टीचे होते. किनाऱ्यावर चपला काढून ठेवल्या आणि भरती चढत होती, तर पाणी जवळ आलं की ते चपला दोन हात मागे ठेवायचे, परत पाणी आलं की परत मागे. असं चार-पाच वेळा झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, ह्येला बांध कुठाय?" सगळे हसले. त्यांना मात्र खरंच माहिती पाहिजे होती. मग बाबांनी त्यांना तिथून उठवलं आणि खारलँडचा बांध दाखवायला खाडीवर नेलं, खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला. दोघं म्हातारे तिथे दोन तास होते. तीन दिवसांत अण्णा परत समुद्रावर गेले नाहीत, पण त्या बांधाची गोष्ट अजून सांगतात.

आता माझ्या माहेरची पाळी. आमच्याकडची ट्रिप म्हणजे कोल्हापूर, नरसोबाची वाडी, पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट. पूर्वी हे दहा वर्षांतून एकदा व्हायचं, कारण घरचे पुरुष नेतील तेव्हा. मग १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आमच्या वाडीतल्या बायका सुटल्याच! आई आणि तिच्या भजनातल्या सात जणी, त्यातल्या दोघी पंचाहत्तरीच्या पुढच्या म्हणजे त्यांना तर फुकटच. कुणाला विचारलं नाही, डबे बांधले, निघाल्या. एकदा कुणीतरी म्हणालं तशाच पुढे गोकर्णाला जाऊ, तर आई म्हणाली नको, महाराष्ट्राची हद्द ओलांडली की तिकीट पूर्ण लागतं. म्हणजे आपल्याच राज्यात फिरा हे पर्यटन खात्याच्या जाहिरातींना जमलं नाही ते कंडक्टरच्या मशीनने करून दाखवलं.

पण ह्या बायका बघतात काय? स्टँड, भक्तनिवास, रांग, प्रसाद, चादरी. सोलापूरची चादर आमच्या माहेरी घरटी चार तरी असेल. आणि खिडकीतून बाहेर बघून एकच शब्द, उजाड. "कसे राहतात गो इथे, झाड नाही की काही नाही." मलापण लग्नानंतर दोन वर्षं असंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. डोळ्याला हिरव्याची सवय झालेली असली की माळ दिसतच नाही. मग एकदा मिस्टरांनी सोलापूरजवळ नान्नजला नेलं, माळढोक पक्ष्यांच्या अभयारण्याच्या बाजूला, १९७९ पासूनचं आहे ते. माळढोक काही दिसला नाही, पण सकाळच्या उन्हात काळविटांचा कळप गुडघाभर पिवळ्या गवतातून पळत गेला आणि मी गाडीत तोंड उघडं टाकून बसले. कोकणात एवढं लांबवर काही दिसतच नाही हो, मध्ये डोंगर नाहीतर झाड येतंच. तसंच नळदुर्गचं. तुळजापूरपासून तासाभरावर एवढा मोठा किल्ला, बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल, पावसाळ्यात भरला की नर-मादी धबधबे, आणि आमच्याकडचे शेकडो लोक तुळजापूरवरून माघारी फिरतात.

आईला मी गेल्या जानेवारीत मुद्दाम थांबवून घेतलं. म्हटलं देव झाले ना, आता चार दिवस माझ्याकडे. अण्णांनी शेतात आगटी पेटवली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजली आणि गरम कणीस तळहातावर चोळून हुरडा आईच्या हातात दिला. शेंगाचटणी, गूळ, दही. आईने आयुष्यात ज्वारीचं हिरवं कणीस पाहिलेलं नव्हतं. आधी चार दाणे, मग मूठ, मग काही बोललीच नाही, पदरात कणसं घेऊन स्वतः चोळायला बसली. थंडी इतकी की शाल दोन पदरी, आणि वर चांदणं. शेवटी म्हणाली काय, तर "आमच्या भजनातल्यांना सांगायला पाहिजे, नुसत्या रांगेत उभ्या राहून येतात."

कुणी म्हणेल जाणं-येणं सोपं कुठे आहे, आणि बरोबर आहे ते. पुणे-मुंबईचा बोरघाट सोडला तर खाली दक्षिणेला रेल्वे सह्याद्री चढते ती थेट गोव्यात, मध्ये सगळा भरवसा घाटरस्त्यांवर, आणि ते पावसात कधी बंद होतील सांगता येत नाही. रत्नागिरीला गाडीत बसलेला माणूस थेट केरळात उतरतो, पण त्याला ताडोबाला जायचं तर गाड्या बदलत बसा. विदर्भातल्यांना तर आम्ही दोघंही मोजतच नाही, तो वेगळाच विषय.

पण माझ्या सासर-माहेरात ३५० किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, हे काही परदेश नाही. आणि खरी अडचण मला कॅलेंडरची वाटते. मे महिन्यात घाटावरचा शेतकरी मोकळा आणि आमचा आंब्यात. आमची माणसं मोकळी होतात ती भात झोडून झाल्यावर, तर तेव्हा इकडे ज्वारी आणि ऊस. त्यामुळे एकाची सुट्टी ती दुसऱ्याची धावपळ.

तर आता अण्णांनी जाहीर केलंय की ह्या वेळी जुलैत कोकणात जायचं. समुद्र नको, भाताची लावणी बघायची. सोलापुरात वर्षभरात पडत नाही एवढा पाऊस तिकडे त्या एका महिन्यात पडतो हे त्यांना सांगून झालं, ऐकत नाहीत. मी घाबरत आईला फोन केला, लावणीच्या गडबडीत पाहुणे म्हणजे काय होईल. आई म्हणाली, "येऊ देत. पाहुणे म्हणून नको म्हणावं, दोन माणसं कमीच पडतायत. आणि ती घडीची छत्री आणू नका, पहिल्याच वाऱ्याला उलटी होईल, त्यांच्यासाठी इरलं काढून ठेवते माळ्यावरचं."