डावी पापणी

सोलापुरात चादरीला गिऱ्हाईक मिळतं, शेंगाचटणीला मिळतं. १९६८ सालच्या मर्क्युरी कूगरला फक्त सल्ले मिळतात. मामांनी कुठल्याशा वकिलातीच्या जुन्या मालातून उचललेली ही गाडी त्यांच्यामागे माझ्या गळ्यात पडली. तिचे दिवे जाळीआड लपलेले. बटण ओढलं की जाळीच्या पापण्या वर जातात, निदान जायला हव्यात. हे काम विजेची मोटार करत नाही. इंजिन आत हवा ओढतं, ती ओढ एका टाकीत साठते आणि तिथून नळ्यांवाटे पापण्यांमागच्या रबरी पडद्यांना खेचते. एक नळी चिरली की गाडी पेंगते.

आमची डावी पापणी अर्धीच उघडायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "लकवा आहे. कबुतराचं रक्त चोळा."

मिस्त्री म्हणाले, "हवा भरून चालतंय ते आणा साहेब. हवा काढून कुठं काय चालतंय ओ?"

मग मीच उकिडवा बसलो. पडद्याची नळी तोंडात धरायची, ओढायची, टोकावर जीभ दाबायची. जीभ चिकटून राहिली तर पडदा शाबूत. राहिली. पन्नास वर्षं मुरलेल्या रबराची चव मात्र दोन दिवस चहालाही येत होती. पुढची नळी ओढली तर नुसतीच फुसफुस. गुन्हेगार सापडला! भाच्याने मेडिकलमधून सलाइनची नळी आणून दिली. एप्रिलच्या उन्हात ती शेवयीसारखी मऊ पडली आणि ओढ लागताच चपटी झाली.

त्याच रात्री होटगी रोडवर डावा दिवा पापणीमागेच जळत राहिला. बायको न बोलता उतरली, पापणी हाताने उचलली आणि फटीत डब्यातली कडक भाकरी मोडून खोचली. घरापर्यंत पापणी हलली नाही.

शेवटी बोअरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या अण्णांना गाठलं. त्यांनी जाड पेट्रोलची नळी बसवली, टाकीच्या तोंडची झडप काढून फुंकली. "हे तर फूटव्हॉल्व्ह हाय की ओ! विहिरीत पाणी धरतंय, हितं ओढ धरतंय. कचरा बसलाय."

बटण ओढलं. दोन्ही पापण्या टपकन वर गेल्या आणि डावीतून काहीतरी खाली पडलं. अण्णांनी ते उचललं, उजेडात धरलं, नखाने वाजवून पाहिलं.

"हे कुठलं पार्ट ओ?"