खेळाचा तास जातो कुठे?

१९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली. त्याच वऱ्हाडात आज नववीतली पोरे मैदान का सोडतात, हे खरेच कुणाला कळत नाही का? खेळाचा तास गणिताच्या घशात जातो, खो-खोचा खांब वाकलेला असतो, मैदानावर कुणाचे तरी सोयाबीन वाळत असते आणि तालुक्याच्या सामन्यासाठी संघ आदल्या दिवशी वर्गात हात वर करायला लावून निवडतात! मुलींना कपडे बदलायला खोली नाही, सरावाला थांबले तर शेवटची एसटी चुकते आणि घरी ऐकावे लागते, "आता मोठी झालीस, पुरे झाले." वर आपणच म्हणायचे, पोरे मोबाइलला चिकटली. मग त्यांनी खेळायचे तरी कुठे आणि कुणाच्या भरवशावर?